चौघं बसले की बोटीचा वेग कुठे जातो?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: सतरा फुटी फायबरची बास बोट (गळाने मासे धरायची वेगवान बोट), ११५ एचपीचं फोर-स्ट्रोक आउटबोर्ड (बोटीच्या मागे बाहेरून अडकवायचं इंजिन), गिअरचं प्रमाण २.१५, आणि २१ पिचचा तीन पात्यांचा अ‍ॅल्युमिनियमचा पंखा (प्रोपेलर). भिगवणच्या बाजूने उजनीच्या पाण्यात एकटे गेलात की जीपीएसवर ताशी ७२ किलोमीटर दिसतात आणि इंजिन ५५०० आरपीएमला असतं. तिघं मित्र, भरलेली टाकी, बर्फाची पेटी, रॉड-गळाचं सगळं सामान घेऊन निघालात की वेग ५७ च्या पुढे जात नाही आणि इंजिन ४९०० ला अडकतं. कुणीतरी १५० एचपीचं इंजिन बसवा म्हणून सांगितलंय. खिशात हात घालायच्या आधी विचारलंत, फार बरं केलंत.

गेली बावीस वर्षं मी आउटबोर्डचंच काम करतो. खडकवासल्याच्या अलीकडे माझं छोटं वर्कशॉप आहे आणि पानशेत, पवना, मुळशी, उजनी इथल्या बोटींची इंजिनं माझ्याकडे येतात. तुमचे आकडे वाचल्यावर माझं मत लगेच झालं: इंजिन पुरेसं आहे. बोट जुळवलीय एकट्या माणसासाठी आणि तुम्ही चालवताय चौघांना घेऊन. खरा घोळ तिथे आहे.

आधी वजनाचा हिशोब करू. पाण्यावर चढून पळणाऱ्या बोटीसाठी क्राउचचं जुनं सूत्र आहे. बोटीचा साचा तोच आणि ताकद तीच असेल, तर वेग वजनाच्या वर्गमुळाच्या व्यस्त प्रमाणात बदलतो. तुमची रिकामी बोट, इंजिन, बॅटऱ्या, थोडं पेट्रोल आणि तुम्ही मिळून साधारण ८५० किलो धरा. तिघं मित्र आणि सामान चढल्यावर ११०० किलो. ८५० ला ११०० ने भागून वर्गमूळ काढलं की ०.८८ येतं. ७२ गुणिले ०.८८ म्हणजे ६३. म्हणजे चौघांना घेऊन तुमच्या बोटीने ६३ च्या आसपास पळायला हवं. ७२ वरून ६३ ही वजनाची रास्त किंमत आहे, ती कुणालाच चुकत नाही. पण ६३ वरून ५७ हे जे सहा किलोमीटर गेले, ते जुळणीत गेले. ते परत मिळतात. शिवाय वजन थोडं उतरवलं तर वरचे नऊ आहेत त्यातलेही दोन-तीन हाती लागतात.

वरचे ८५० आणि ११०० हे माझे अंदाज आहेत, तुम्ही खरे आकडे काढा. बोट ट्रेलरवर घाला आणि वाळू-खडीचे ट्रक जिथे तोलतात त्या वजनकाट्यावर न्या. आधी गाडीपासून सोडलेला रिकामा ट्रेलर तोला, मग बोटीसकट. दोन पावत्यांचा फरक म्हणजे बोटीचं खरं वजन. हे मी प्रत्येकाला करायला लावतो. पवनेची एक बोट माझ्याकडे अशीच ‘वेग गेला’ म्हणून आली होती. पंखा बदलून झाला होता, इंजिनाची सर्व्हिस दोनदा झाली होती. काट्यावर ती कागदावरच्या वजनापेक्षा १४० किलो जड निघाली. डेकच्या एका स्क्रूच्या भोकातून पाणी आत मुरत होतं आणि तळाखालचा फोम स्पंजासारखा भिजला होता. त्या मालकाने दोन वर्षं रोज दोन माणसं फुकट फिरवली. तुमची बोट जुनी घेतलेली असेल तर ही शंका सगळ्यात आधी मिटवा.

आता सामान. सगळ्यात मोठा चोर म्हणजे मासे जिवंत ठेवायची पाण्याची टाकी. ऐंशी लिटरची टाकी म्हणजे ऐंशी किलो, एक धट्टाकट्टा माणूस. बरेच जण धक्क्यावरच ती भरून निघतात. मासा मिळायच्या आधी तिच्यात पाणी कशाला? जागेवर पोहोचून भरा आणि परत निघताना, मासे सोडून दिले असतील तर, रिकामी करा. पेट्रोलचा लिटर साधारण पाऊण किलोचा असतो. नव्वद लिटरची टाकी म्हणजे ६७ किलो. पण इथे कंजूषपणा करताना जपून. एक तृतीयांश जायला, एक तृतीयांश यायला, एक तृतीयांश राखीव हा नियम मी मोडत नाही आणि तुम्हीही मोडू नका. उजनीच्या मध्यावर संध्याकाळचा वारा सुटल्यावर वल्ही मारत काठाला यायचं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. पुढच्या ट्रोलिंग मोटरच्या (मासे धरताना बोट हळू हलवणाऱ्या विजेच्या छोट्या मोटरच्या) बॅटऱ्या शिशाच्या असतील तर शंभर अँपिअर-तासाची एकेक तीस किलोच्या आसपास भरते, लिथियमची त्याच्या निम्म्याहून कमी. महाग आहे, म्हणून जुनी बॅटरी मेल्यावरच बदला. बाकी दोन नांगर, तीन टॅकल-पेट्या, मागच्या वर्षीचं गंजकं सामान हे एकदा घरी अंगणात ओतून बघा. एवढं केलंत तर ११०० चे १००० सहज होतील, आणि त्याच सूत्राने ६३ च्या जागी ६६ येतील.

वजन किती याइतकंच ते कुठे आहे हेही महत्त्वाचं. बास बोटीचा तळ मागच्या टोकाला मधोमध चपट्या पट्टीसारखा असतो. वेगात बाकीचं अंग पाण्याबाहेर निघतं आणि बोट तेवढ्या पट्टीवर पळते. ही जात मुळात अमेरिकेतली. १९४८ मध्ये लुइझियानातल्या श्रेव्हपोर्टला होम्स थर्मंड यांनी ‘स्कीटर’ बनवली, तिला पहिली बास बोट मानतात. आता तिथल्या वीस-एकवीस फुटी बोटी २५० एचपीवर ताशी ११० किलोमीटरच्या वर जातात, त्या त्याच पट्टीच्या जोरावर. तुमची बर्फाची पेटी आणि नांगर पुढच्या डेकखाली असतील तर नाक दबतं, पट्टीऐवजी पुढचा पोटाचा भाग पाणी कापत राहतो आणि वेग मरतो. जड सामान मधोमध, चालकाच्या सीटच्या रेषेत किंवा जरा मागे आणा. सगळं अगदी मागे ढकलू नका, नाहीतर बोट पाण्यावर चढायलाच वेळ लावेल आणि चढल्यावर नाक बेडकासारखं उड्या मारेल. पळताना कुणीही पुढच्या उंच सीटवर बसायचं नाही, हे वेगासाठी नाही, जिवासाठी. आणि एक बारकावा: पंखा उजवीकडे फिरणारा असेल तर बोट डावीकडे कलायला बघते. चालकाची सीट उजवीकडे असते त्यामागचं हेही एक कारण. म्हणून चौघांतला सगळ्यात वजनदार मित्र डाव्या कडेला बसवू नका.

आता पंखा, कारण हरवलेल्या सहातले बहुतेक किलोमीटर इथे अडकलेत. पिच म्हणजे पंखा एका फेऱ्यात कल्पनेने किती इंच पुढे सरकेल तो आकडा. इंजिनाचा आरपीएम भागिले गिअरचं प्रमाण, गुणिले पिच, भागिले ६५६, की ताशी किलोमीटरमध्ये कागदावरचा वेग मिळतो. तुमचे एकट्याचे आकडे घालू: ५५०० भागिले २.१५, गुणिले २१, भागिले ६५६, म्हणजे ८२. प्रत्यक्षात ७२. फरक बारा टक्के. याला आम्ही स्लिप म्हणतो, आणि बारा टक्के ठीक आहे. आता चौघांचे घाला: ४९०० ला कागदावर ७३ येतात, प्रत्यक्षात ५७. स्लिप बावीस टक्के. म्हणजे दोन दुखणी एकदम आहेत. इंजिन गुदमरतंय, आणि पंखा पाण्यात नुसता घुसळतोय.

गुदमरणं आधी घेऊ. तुमच्या इंजिनाच्या पुस्तकात पूर्ण थ्रॉटलला ५००० ते ६००० आरपीएम लिहिलंय असं तुम्ही म्हणता. ४९०० ला अडकलेलं इंजिन त्याची ११५ ची ताकद देतच नाही. वरच्या गिअरमध्ये खंबाटकीचा घाट चढणाऱ्या ट्रकसारखं ते कण्हत राहतं. त्यात सतत पूर्ण थ्रॉटल दिलं तर सिलिंडरवर नको तेवढा ताण येतो आणि आयुष्यही घटतं. म्हणून सांगतो, १५० चं इंजिन राहू द्या. हे ११५ चं इंजिनच तुम्ही अजून पूर्ण वापरलेलं नाही. शिवाय मोठं इंजिन चाळीस-पन्नास किलो जड असतं, आणि तुमच्या ट्रान्समला, म्हणजे इंजिन अडकवतात त्या बोटीच्या मागच्या भिंतीला, किती ताकद झेपते हे बोटीवरच्या क्षमतेच्या पट्टीवर लिहिलेलं असतं. त्या आकड्यापुढे जायचं नाही. पट्टी नसेल तर बनवणाऱ्याकडून लेखी घ्या.

एक इंच पिच कमी केलं की आरपीएम साधारण दीडशे ते दोनशेने वाढतो. तुम्ही २१ वरून १९ वर या, आणि अ‍ॅल्युमिनियम सोडून स्टेनलेस घ्या. अ‍ॅल्युमिनियमची पाती भाराखाली किंचित वाकतात, स्टेनलेसची वाकत नाहीत. त्यामुळे ती पातळ करता येतात आणि कडेला कप देता येतो. कप म्हणजे पात्याच्या मागच्या कडेची बारीक वळवलेली ओठाळी. ती पाणी धरून ठेवते, स्लिप उतरते. चार पात्यांचा पंखा घ्यावा का असंही तुम्ही विचारलंय. चार पाती बोटीचा मागचा भाग उचलतात, भरलेली बोट पटकन चढते, वळणावर पकड सुटत नाही. पण वरचा वेग साधारणपणे किलोमीटर-दोन किलोमीटरने कमी पडतो. तुम्हाला वरचा वेगच हवाय, तर तीन पात्यांचाच घ्या. रोज पाच माणसं घेऊन जाणार असाल तर मी चार पात्यांचा सुचवला असता.

१९ पिच, ५५०० आरपीएम आणि बारा टक्के स्लिप धरली तर ६५ येतात. वजनाच्या सूत्राने हजार किलोला ६६ आले होते. दोन वेगळ्या वाटांनी एकच आकडा आला की मला भरवसा वाटतो. एकटे असाल तेव्हा याच पंख्यावर इंजिन ५८५० च्या आसपास जाईल, मर्यादेच्या आत, आणि वेग पूर्वीच्या ७२ पेक्षा दोन-तीन किलोमीटर कमी. नियम एवढाच: पंखा नेहमी भरलेल्या बोटीवर ठरवायचा. एकट्याने ६००० पार होऊ लागला तर हात जरा आवरायचा, एवढंच.

आता घुसळणं. याचा संबंध बहुतेक इंजिनाच्या उंचीशी आणि ट्रिमशी, म्हणजे इंजिन बटणाने आत-बाहेर कलवायच्या कोनाशी, असतो. आउटबोर्डच्या पायावर पंख्याच्या वर आडवी प्लेट असते. बोट ट्रेलरवर असताना तळाला सरळ पट्टी लावून मागे न्या. प्लेट तळाच्या रेषेत किंवा त्याच्या खाली असेल तर इंजिन फार खोल बसलंय आणि पायाचा जादा भाग नुसता पाणी ओढतोय. इंजिन अडकवायच्या ब्रॅकेटला भोकं असतात, एक भोक म्हणजे पाऊण इंच. एक भोक वर घ्या, चालवून बघा, मग पुढचं. स्टेनलेसच्या कप दिलेल्या पंख्याला प्लेट तळापेक्षा इंच-दीड इंच वर गेलेली चालते. कुठे थांबायचं? वळणावर पंख्याने हवा ओढून इंजिन अचानक ओरडू लागलं, किंवा थंड करणाऱ्या पाण्याचा दाब उतरला, की एक भोक खाली. पाण्याच्या दाबाचा काटा बसवल्याशिवाय हे काम करायचं नाही. पाणी आत घेण्याची तोंडं पाण्याबाहेर आली तर काही मिनिटांत इंजिन जळतं, आणि ते दुरुस्त करताना मालकाचा चेहरा बघवत नाही.

ट्रिमचं मी एवढंच सांगतो, कारण हे हाताने शिकायचं असतं. बोट चढेपर्यंत इंजिन पूर्ण आत. चढली की बटणाला छोटे छोटे टोले देत बाहेर काढत जा आणि नजर जीपीएसवर ठेवा. वेग वाढतोय तोवर पुढे. आरपीएम वाढला पण वेग वाढला नाही, तर एक टोला मागे. तीच तुमची जागा. भरलेल्या बोटीत लोक घाबरून इंजिन आत ठेवूनच पळवतात, तुमच्या बावीस टक्क्यांत मला त्याचाच हात दिसतो. बोट डावी-उजवी डुलायला लागली तर थ्रॉटल झटक्यात सोडू नका, हळू उतरवा आणि ट्रिम आत घ्या. वळायच्या आधीही ट्रिम आत.

पंख्यावर पैसे घालायच्या आधी फुकटच्या दोन तपासण्या करा. इंजिन बंद ठेवून एकाने लिव्हर पूर्ण पुढे न्यावा, दुसऱ्याने इंजिनाचं झाकण काढून थ्रॉटलचं फुलपाखरू (हवेची झडप) खरोखर पूर्ण उघडतंय का ते बघावं. केबल ताणली गेल्यामुळे नव्वद टक्क्यांवरच अडकलेली इंजिनं मी मोजता येणार नाहीत एवढी पाहिलीत. दुसरं, पंख्याच्या आतला रबरी हब सरकतो का ते. हब आणि पंखा दोन्हींवर रंगाची एक सरळ रेघ मारा. जोरात चालवून आल्यावर रेघ तुटलेली दिसली तर हब गेलाय.

तळ स्वच्छ हवा हे तुम्हाला माहीतच आहे. उजनीचं हिरवं पाणी आठवडाभरात तळावर बुळबुळीत थर चढवतं, बोट पाण्यात उभी ठेवत असाल तर निघायच्या आधी पुसून घ्या. पण कमी लोक बघतात ते सांगतो. ट्रेलरच्या आधाराच्या फळ्या ट्रान्समपर्यंत पोहोचतात का बघा. फुटभर आधी संपत असतील तर इंजिनाचं वजन लोंबकळत राहतं आणि वर्षा-दोन वर्षांत तळाच्या मागच्या कडेला खाली आलेला बाक तयार होतो. तो बाक पळताना मागचा भाग उचलतो आणि नाक पाण्यात दाबतो. एका बोटीला मी तीन पंखे लावून बघितले, कशानेच फरक पडेना. शेवटी पाच फुटी ॲल्युमिनियमची पट्टी तळाला धरली तेव्हा मागे चांगली फट दिसली. पट्टी पहिल्या दिवशी धरायला हवी होती. फायबरवाल्याने तो भाग सरळ करून दिला आणि मूळचाच पंखा पुरला.

हवा-पेट्रोलचंही बोलायला हवं, कारण तुम्ही तुमच्या वेगाची तुलना अलिबागच्या मित्राच्या तशाच बोटीशी केलीय. उजनीचं पाणी समुद्रसपाटीपासून सुमारे पाचशे मीटरवर, पानशेतचं सहाशेच्याही वर. पाचशे मीटरवर हवा सुमारे पाच टक्के विरळ असते, तेवढीच ताकद टर्बो नसलेल्या इंजिनातून जाते. मे महिन्यात दुपारी चाळीस अंशांत आणखी पाच टक्के. वेगात हे दीड-दोन किलोमीटरचं, कडक उन्हात तीनेकचं अंतर. अलिबागशी बरोबरी करू नका आणि चाचणी पहाटे घ्या. पेट्रोलचं म्हणाल तर पंपावर आता २० टक्के इथेनॉलचं मिळतं, आणि बहुतेक आउटबोर्डच्या पुस्तकांत मर्यादा १० टक्क्यांची असते. तुमचं पुस्तक उघडून बघा. इथेनॉल हवेतली ओल ओढतं, म्हणून महिनोनमहिने टाकीत पेट्रोल ठेवू नका. पाणी वेगळं करणारा दहा मायक्रॉनचा फिल्टर लावा आणि वेळच्या वेळी बदला. भाराखाली इंजिन अचानक गचके देऊ लागलं तर मी आधी तो फिल्टर काचेच्या बरणीत ओततो. तळाला पाण्याचा थर दिसला की उत्तर मिळालं.

वेग वाढवायला निघालाय तर जागा बघून. मार्चनंतर पाणी उतरायला लागलं की उजनीत पळसदेवचं जुनं देऊळ वर येतं, पवनेत वाघेश्वराचं. देऊळ दिसतं, पण त्याच्या आधी पाण्याखाली हातभर राहिलेले बांध, विहिरींचे कठडे, झाडांचे बुंधे दिसत नाहीत. माझ्याकडे उन्हाळ्यात येणारे निम्मे पंखे दगडाने दातरलेले असतात, आणि साठच्या वेगात बुंधा लागला तर पंख्यावर भागत नाही. ज्या पट्ट्यात खोली तुम्ही स्वतः मंद वेगाने, खोलीच्या यंत्रावर बघून मोजलीय, तिथेच पूर्ण थ्रॉटल. थंडीत रोहित पक्षी उथळात उतरलेले असतात, मच्छीमारांची जाळी आणि होड्या सकाळी पाण्यात असतात, त्यांच्यापासून लांब. चौघांच्याही अंगात लाइफ जॅकेट, आणि किल स्विचची (चालक पडला की इंजिन बंद करणाऱ्या बटणाची) दोरी चालकाच्या अंगाला अडकवलेली. ही दोरी लोंबकळत ठेवून कुणी बोट पळवली तर मी त्याचं काम पुढे घेत नाही.

चाचणी अशी घ्या. पहाटे, वारा नसताना किंवा पाण्यावर अगदी बारीक लहर असताना. आरशासारख्या पाण्यापेक्षा लहरीवर बोट जरा जास्तच पळते, कारण तळाखाली हवा जाते. त्यामुळे दोन वेगळ्या दिवसांचे आकडे एकत्र मिसळू नका. प्रत्येक वेळी जाताना आणि येताना असे दोन वेग जीपीएसवर घ्या आणि सरासरी लिहा, सोबत आरपीएम. एका वेळी एकच बदल. आधी सध्याच्या पंख्यावर वजन उतरवून आणि सामान हलवून. मग १९ चा पंखा, शक्य झालं तर दोन दिवसांसाठी कुणाचा तरी मागून आणा, विकत नंतर. चौघांना घेऊन इंजिन ५३०० च्या खाली राहिलं तर १७ चा लावून बघा. ५३०० ते ५७०० मध्ये बसलं तर पंखा हाच, मग पान्हा घ्या आणि इंजिन एक भोक वर उचला.